स्पिटफायर मार्क ९ की फोके-वुल्फ १९०?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या आमच्या सिम्युलेटरप्रेमी (संगणकावर विमाने उडवून लढणाऱ्या) मंडळींत दुसऱ्या महायुद्धातल्या या दोन लढाऊ विमानांपैकी, ब्रिटिश स्पिटफायर आणि जर्मन फोके-वुल्फ यांपैकी, कोणते निवडावे, हा वाद नेहमीचाच आहे. स्पिटफायर कमी त्रिज्येत वळते, त्यामुळे पाठीशी लागलेल्या शत्रूला वळणात गुंतवून त्याच्याच मागे जाणे नवशिक्यालाही साधते. फोके-वुल्फचे बळ कूस बदलण्याच्या वेगात आहे; शत्रू एका बाजूला वळू लागला, की ते क्षणात दुसरीकडे कलंडून खाली सूर मारते आणि स्पिटफायरला तेवढ्या चपळाईने दिशा बदलता येत नाही. १९४१ मध्ये फोके-वुल्फ रणांगणात उतरले तेव्हा स्पिटफायरची तेव्हाची आवृत्ती, मार्क ५, मागे पडली होती. १९४२ मध्ये दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) मर्लिन इंजिन असलेले मार्क ९ आल्यावर ही तफावत बरीचशी भरून निघाली. फार उंचावर फोके-वुल्फच्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनाचा दम कमी पडतो. शस्त्रबळात मात्र तेच सरस.

माझ्या मते समतोल बिघडतो तो विमानांपेक्षा सामन्याच्या आखणीमुळे (आणि खेळाडूंच्या उतावीळपणामुळे), कारण दोन्ही बाजू कमी उंचीवर समोरासमोर सोडल्या, की जो तो वळणाच्या झुंजीत शिरतो आणि तिथे फोके-वुल्फ हकनाक बळी जाते. उंची राखून झडप घालण्याचा संयम असेल, तर मी फोके-वुल्फच घेईन.