वारं गेल्यावर मोबाईल ॲपचा उपयोग होतो काय? खानापूरहून रिव्ह्यू

आमच्या आप्पांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं आणि बोलणंपण अडकलं, डाव्या मेंदूला मार बसला की बऱ्याचदा दोन्ही एकदम जातं म्हणे. घरी आणल्यावर ज्यानं त्यानं एकेक ॲप सांगितलं आणि मी पण सगळी टाकून बघितली. पेशंटसाठी म्हणून विकतात, पण खरी चालवावी लागतात घरच्यांनाच.

गोळ्यांची आठवण करणारं ॲप: चार स्टार. रक्त पातळ करायची, बीपीची, रात्री कोलेस्टेरॉलची, एवढं आईच्या लक्षात कुठनं राहणार. आमच्या ॲपात आपला आवाज भरता येतो, तर आईच्याच आवाजात "अवो गोळी घेतला काय" असं भरलंय, आप्पा लगेच मान वर करतात. नुसत्या टिंगटिंगला ढुंकून बघत नव्हते. फक्त स्वस्तातल्या फोनमधला बॅटरी सेव्हर गपचिप अलार्म मारतो, सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्या.

बोलायला शिकवणारं ॲप: एक स्टार, तोही चित्रं मोठी आहेत म्हणून. भाषा इंग्लिश, हिंदी, कन्नड आहेत, पण मराठी नाहीच, आणि चित्र कसलं तर बर्फाचा माणूस! आप्पा हसले तेवढाच फायदा. मग स्पीच थेरपीवाल्या ताईंनी सांगितलं तसं घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले, तांब्या, विळा, कुंद्याचा बॉक्स, आणि आपण पहिलं अक्षर म्हणायचं. "कुं..." म्हटलं की पुढचं येतंय कधीकधी. आणि गंमत बघा, साधा "पाणी" शब्द निघत नाही पण एक दोन तीन आणि "विठ्ठल विठ्ठल" न अडखळता येतंय. पाठ झालेलं बोलणं असं शाबूत राहू शकतं म्हणाल्या त्या.

व्यायामाचं ॲप कॅमेऱ्यानं हात मोजतंय, पण अख्खा माणूस स्क्रीनमध्ये बसायला आमच्या सोप्यात जागा कुठाय? फिजिओ आले तेव्हा आप्पांचाच व्हिडिओ काढून घेतला, तोच लावतो, रेंज नसली तरी चालतंय. बाजूला माणूस उभा पाहिजेच, आणि दुखरा हात धरून ओढायचा नाही, खांदा जातो.

कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं ॲप आजच डिलीट करा. पट्ट्याचं मशीन घ्या, चांगल्या हाताला बांधा आणि आकडे ॲपात टाका, तो ग्राफ बघून डॉक्टरनी डोस बदलला.

फार आशा पण धरू नका. आपल्याच देशात 31 ठिकाणी वारं गेलेल्या, म्हणजे मेंदूचा झटका आलेल्या 4298 पेशंटवर अभ्यास झालाय, 12 भाषांत मेसेज आणि व्हिडिओ पाठवलेले, 2023 ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलाय. दारू-सिगारेट सोडायला आणि गोळ्या वेळेवर घ्यायला थोडी मदत झाली, पण पुन्हा झटका येण्यात फरक पडला नाही. म्हणून परत तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं तर ॲप उघडत बसू नका, 108 लावा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात आणि इथनं बेळगावला पोचण्यातच किती वेळ जातोय.

वर्षाची सबस्क्रिप्शन आधी घेऊ नका, फुकटातलं चालवून बघा, पेशंट वैतागतोय काय ते पहिल्या आठवड्यातच कळतंय.