मोटरहोममागे डॉली की ट्रेलर? मुक्कामाला पोहोचल्यावरचा हिशेब

मोटरहोममागे, म्हणजे चाकांवरच्या घरामागे, छोटी गाडी ओढून न्यायची म्हटलं की चर्चा रस्त्याचीच होते. ब्रेक, वजन, टायर. कॅम्पग्राउंडवर गाडी उतरवल्यावर उरलेलं डॉलीचं किंवा ट्रेलरचं ते रिकामं धूड ठेवायचं कुठे, हे कुणी विचारत नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायला परवानगी असेल, तर सरळ टो-बार, म्हणजे गाडी मोटरहोमला जोडणारा दांडा, घ्या; हा प्रश्नच मिटला. आमच्या गाडीला ती मुभा नाही, म्हणून बाकीचे दोन्ही प्रकार वापरून झाले: डॉली, म्हणजे गाडीची फक्त पुढची चाकं वर घेणारा छोटा गाडा, आणि ट्रेलर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवायचा गाडा.

रस्त्यावर ट्रेलर उजवा, यात वाद नाही. गाडीसकट रिव्हर्स घेता येतो. डॉलीवर गाडी चढवली की मागे जाणं विसरा: एक वळण हिचपाशी (मोटरहोमच्या मागच्या जोडणीपाशी), दुसरं गाडीच्या पुढच्या चाकांपाशी, त्यामुळे हातभर मागे गेलं की सगळं वाकडं. शिवाय चाकं बांधायचे ते चिखलाने माखलेले पट्टे. निघाल्यावर काही मैलांनी थांबून पुन्हा आवळायचे, मुक्कामाला हात काळे करत सोडवायचे.

लांबलचक पुल-थ्रू साईट, म्हणजे एका बाजूने शिरून दुसरीकडून सरळ बाहेर पडता येणारी जागा, मिळाली तर दोन्ही सारखेच. पण नॅशनल पार्कांत ती चैन कमीच. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला मॅदर कॅम्पग्राउंडची मर्यादा 30 फूट. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये 50 फुटांपर्यंत पुल-थ्रू आहेत, तरी 32 फुटी मोटरहोममागे 20 फुटी ट्रेलर असेल तर शेपूट बाहेरच.

माझा निर्णय झाला तो बॅक-इन साईटवर, म्हणजे जिथे रिव्हर्स घेऊनच शिरावं लागतं तिथे. ऑफिसमधला माणूस नम्रपणे सांगतो, ‘ट्रेलर तिकडे मागच्या मैदानात लावा.’ रिकामा ट्रेलरसुद्धा साधारण 2,000 पौंडांचा, हाताने तसूभर हलत नाही. लावताना एक वेळ ठीक. खरा वैताग निघायच्या सकाळी. पाणी, वीज, सांडपाण्याची नळी सगळं आवरून अख्खं मोटरहोम त्या मैदानात न्यायचं, तर आपल्या ट्रेलरसमोर कुणाची तरी बोट उभी आणि बोटवाला आंघोळीला गेलेला! तो आला की मग हिच जुळवा, मग गाडी चढवा. चेक-आउटची वेळ टळते ती अशी.

डॉली त्या मानाने गुणी. पाचेकशे पौंडांची, सपाट जागेवर दोघांना ढकलता येते. खडीत तिच्या दांड्याखालच्या जॅकचं (टेकूचं) छोटं चाक रुततं, म्हणून आम्ही प्लायवूडच्या दोन फळ्या ठेवतो. एकीवरून चाक पुढे गेलं की मागची उचलून पुढे टाकायची. मोटरहोमची मागची बाजू पुरेशी उंच असेल तर दांडा तिच्याखाली सरकतो; सायलेन्सरचा पाईप तेवढा सांभाळा. उतार असेल तर चाकांना ठोकळे आधी, ढकलाढकली नंतर. चढावर मात्र हाताने ढकलण्याचा हट्ट नको.

ओढताना गाडीची मागची चाकं फिरलेली चालत नसतील, किंवा तुम्ही बहुतेक पुल-थ्रूवरच राहत असाल, तर ट्रेलर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त हिचच्या क्षमतेतून त्याचं वजन आधी वजा करा. बाकीच्यांनी बुकिंग करतानाच फोनवर विचारावं, ‘साईटवरच ठेवली तर चालेल ना?’ डॉलीसाठी मला बहुतेक ठिकाणी ‘हो’ मिळालंय. ट्रेलरसाठी क्वचितच.