दवाखान्याच्या भिंतीवरचं चित्र: व्यवसायाच्या खात्यातून की स्वतःच्या बचतीतून?

नवा दवाखाना किंवा वकिलीचं ऑफिस लावताना चित्रांचा विषय अगदी शेवटी निघतो. तोवर बजेट संपत आलेलं असतं आणि कुणीतरी सांगतं, "घ्या बिनधास्त, खर्चात दाखवता येतं." या सल्ल्यावर दोन-तीन लाखांचं चित्र घेण्याआधी थोडं थांबा. चित्र ऑफिसात लावलं एवढ्यानं त्याची सगळी किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा होत नाही.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: तुम्ही विवरणपत्र कलम ४४एडीए खाली भरता का? (१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सवयीचे जुनेच वापरतो.) डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट यांची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत असली, की निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. पण मग घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) धरून सगळे खर्च मिळाले असंच समजलं जातं. तुम्ही यात असाल तर चित्रावर वेगळी वजावट शून्य. 'टॅक्स वाचतो' म्हणून घेण्याचं कारणच उरत नाही. चित्र आवडलं असेल तर जरूर घ्या, पण स्वतःच्या पैशानं.

जे वह्या ठेवून प्रत्यक्ष नफ्यावर कर भरतात, त्यांच्यासाठी खरी तुलना इथून सुरू होते. समजा चित्र २ लाखांचं आहे. ते भांडवली खर्चात जातं, म्हणजे किंमत एकदम नाही तर दरवर्षी थोडी थोडी वजा होते, आणि बहुतेक सीए त्याला फर्निचर व फिटिंग्जच्या गटात टाकून १० टक्के घसारा घेतात. पहिल्या वर्षी २०,००० रुपये. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह वाचलेला कर ६,२४० रुपये. त्या पहिल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्याही निम्मा. पुढे घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीवर मोजतात, म्हणून पाच वर्षांत मिळून साधारण साडेपंचवीस हजार वाचतात. (नवीन करप्रणालीत घसारा मिळत नाही हा गैरसमज आहे. नेहमीचा घसारा तिथेही मिळतो.)

आता हेच चित्र पाच वर्षांनी ५ लाखांना विकलं तर? व्यवसायाच्या वहीत असेल तर विक्रीची रक्कम त्या गटातल्या सगळ्या वस्तूंच्या शिल्लक किमतीतून वजा होते. ती शिल्लक संपली तर उरलेली रक्कम अल्पकालीन नफा, नाही संपली तर पुढचा घसारा तेवढा घटतो. आधी वाचलेला कर धरूनही ३ लाखांच्या फायद्यावर आज ना उद्या तुमच्या टप्प्याच्या दरानं ९३,६०० रुपये जातात. तेच चित्र तुम्ही बचत खात्यातून, स्वतःच्या नावानं घेतलं, ताळेबंदात आणलं नाही, आणि २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं, तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के, सेससह ३९,००० रुपये. चित्रं 'वैयक्तिक वापराची वस्तू' म्हणून करमुक्त सुटत नाहीत, ती सवलत २००७ च्या वित्त अधिनियमानं काढली. तरी फरक ५४,६०० रुपयांचा राहतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या चित्राची किंमत वाढण्याची खरीच शक्यता आहे, ते स्वतःचं ठेवा आणि खुशाल ऑफिसात लावा. जे निव्वळ भिंत भरण्यासाठी आहे, ते व्यवसायाच्या वहीत घाला. आणि खरं सांगायचं तर बहुतेक चित्रं दुसऱ्या प्रकारातली असतात.

महागड्या मूळ चित्राबाबत आणखी एक धोका आहे. घसाऱ्याच्या तक्त्यात चित्रांचा नावानं उल्लेखच नाही, त्यामुळे अधिकारी 'हे फर्निचर कसं?' असं विचारू शकतो. अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्या मंडळींची वाट तर आणखी अरुंद. तिथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं ऑफिसातल्या कलाकृतींवर मागितलेला घसारा अपील न्यायालयानं १९८५ मध्ये नाकारला.

प्रिंट आणि फ्रेम केलेले फोटो यांचा मामला सोपा. रक्कम किरकोळ, ऑफिस खर्चात सहज बसते, कुणी हटकत नाही. चित्र भाड्यानं घेतलं तर भाडं त्या त्या वर्षी पूर्ण वजा होतं, पण हाती काही उरत नाही. अजून आवड ठरली नसेल तरच हा मार्ग घ्या.

भिंतीवर थेट वारली चितारून घ्यायचं असेल तर जागा कुणाची ते आधी बघा. भाड्याची असेल तर करार संपल्यावर चित्र घरमालकाचं. नव्यानं लावलेल्या जागेत हा खर्च सहसा भांडवली धरतात आणि भाड्याच्या जागेवरही इमारतीसारखा १० टक्के घसारा मिळतो.

जीएसटीत हातानं काढलेल्या चित्रावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. नोंदणीकृत सीए किंवा आर्किटेक्टला त्याचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो स्वतःच्या जीएसटीतून वळता करता येतो, मात्र मग त्या रकमेवर घसारा घेता येत नाही. डॉक्टरांची सेवाच करमुक्त, त्यामुळे त्यांना क्रेडिट नाही.

दोन-तीन लाख घालवण्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन बघा, सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला) कलावंतांकडे जाऊन या. तिथे थेट कलावंताच्या हातात पैसे पडतात आणि चित्रामागची गोष्ट त्याच्याच तोंडून कळते. दवाखाना कोकणात किंवा मुंबईत असेल तर कागदावरच्या जलरंगापेक्षा कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक बरं. पावसाळ्यात ओल काचेच्या आत शिरते, कागदावर तपकिरी ठिपके उमटतात, मागच्या पुठ्ठ्याला कसर लागते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले तर चित्र भिंतीला टेकत नाही आणि मागून हवा खेळती राहते.

बिलावर चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार आणि तारीख हवी. पैसे यूपीआय किंवा चेकनं द्या. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरलीच जात नाही.