शेवरले सीएमपी (जुनी मिलिटरी क्रेन): एक पावसाळा आणि एक छाटणी वापरल्यावरचा अनुभव

बरेच जण विचारतात की अशी गाडी घेऊ का, पार्ट मिळतात का, चालते का खरंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. गाडी म्हणजे शेवरले सी60एल. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेली सीएमपी, म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, तीन टनी, फोर बाय फोर, मागे जिब, म्हणजे माल उचलायचा लोखंडी हात, लावून केलेली क्रेन. नाशिकच्या अंबडला मित्राच्या वर्कशॉपमध्ये काम केलं आणि तयार झाल्यावर अख्खा पावसाळा आणि नंतरची ऑक्टोबर छाटणी दिंडोरीकडच्या आमच्या द्राक्षाच्या मळ्यात वापरली. रोजच्या कामाला क्रेन पाहिजे असेल तर इथेच थांबा आणि सरळ हायड्रा, म्हणजे आजची भाड्याची हायड्रॉलिक क्रेन, बोलवा, डोकेदुखी वाचेल. पण जुन्या मिलिटरी गाड्यांचं वेड असेल आणि गाडीच्या मागचा इतिहास खणून काढायला मजा येत असेल तर पुढे वाचा.

विकणाऱ्याने गाडी दाखवताना छाती फुगवून सांगितलं होतं, "साहेब, ही बर्मा फ्रंटवरची वॉर क्रेन आहे, ओरिजिनल." आता मुंबई-आग्रा रोडला, कसारा घाटात, द्वारका सर्कलच्या आसपास ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी अशा क्रेन भरपूर पाहिल्यात. नाक चेपलेला जुना ट्रक, मागे लोखंडी जिब, हँडल मारणारी दोन पोरं आणि चेन ब्लॉक. त्यातल्या प्रत्येक गाडीचा मालक हेच सांगायचा की युद्धातली क्रेन आहे. गाडी युद्धातली असते हे खरं, पण क्रेन युद्धातली असते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझे निम्मे महिने त्यातच गेले.

आधी गाडी ओळखायची कशी ते सांगतो. सीएमपीच्या कॅब तीन प्रकारच्या, 11, 12 आणि 13. तेरा नंबरची 1941 च्या शेवटापासून युद्ध संपेपर्यंत आली आणि ती लांबूनच कळते कारण पुढची काच उलटी तिरकी असते, वरची कड पुढे आणि खालची आत, म्हणजे उन्हाची चमक वर जाऊ नये. कॅनडाने युद्धात आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या, त्यातल्या साधारण निम्म्या सीएमपी, फोर्ड आणि जनरल मोटर्स (शेवरले याच कंपनीची) दोघांच्या. त्या पेट्यांमध्ये सुट्या भागात यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून कारखाना होताच. युद्धानंतर हे सगळं डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघालं आणि पुढची तीसचाळीस वर्षं देशभर ट्रक, टँकर आणि क्रेन म्हणून राबलं.

मग टेप घेऊन व्हीलबेस मोजला, भरला 13 फूट 2 इंच, म्हणजे 158 इंच, म्हणजे लांब चेसिसची सी60एल. आखूड चेसिसची सी60एस असते, 134 इंची, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरजच नाही, टेप लावला की कळतं. नंतर चेसिस वायर ब्रशने पूर्ण उघडी केली आणि एकेक भोक तपासलं. हे काम कंटाळवाणं आहे पण खरी माहिती इथेच आहे. हौद्याच्या बोल्टची भोकं जिथे असायला हवी तिथे व्यवस्थित, कारखान्यात पाडलेली, कडा साफ. जिबच्या पायाची भोकं मात्र गॅसने जाळून पाडलेली, कडा वाकड्यातिकड्या. कॅबच्या मागे फॅक्टरी विंच (दोर गुंडाळून ओढायचा ड्रम) बसवल्याची एकही खूण नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट जिबवरच सापडली. रंगाचे थर ओल्या पॉलिश पेपरने घासत होतो, वर पिवळा, त्याखाली निळा, मग परत पिवळा, मग रेड ऑक्साइड, आणि बीमच्या कडेला बोटाला काहीतरी उठावदार लागलं. घासत गेलो तर रोलिंगमध्येच उठवलेली अक्षरं, टिस्को, म्हणजे आजची टाटा स्टील. म्हणजे बीम जमशेदपूरचा. त्याखाली हिरवा रंग कुठेच नाही. चेसिसवर आणि कॅबच्या आत हिरवा आहे, जिबवर नाही. झालं, बर्मा फ्रंट तिथेच संपला. ही साधी माल वाहणारी लॉरी होती आणि क्रेन तिला आपल्याकडे कुठल्यातरी वेल्डरने केली.

खऱ्या युद्धकाळातल्या रिकव्हरी गाड्या, म्हणजे बंद पडलेल्या किंवा रुतलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या, कशा होत्या हे बघितलं की फरक कळतो. ब्रिटिशांचा स्कॅमेल पायोनियर, वॉटफर्डला बनलेला, सिक्स बाय फोर, गार्डनर 6एलडब्ल्यू डिझेल, 102 हॉर्सपॉवर, पळायला अगदी हळू पण ओढायला राक्षस. त्याच्या पुढच्या बंपरवर वजनं लावायची सोय होती कारण मागे जड माल उचलला की पुढची चाकं हलकी होतात. अमेरिकनांचा डायमंड टी 969, त्याच्यावर होम्स डब्ल्यू-45 चे दोन बूम, एक बूम एका बाजूला फिरवून ओढायचा आणि दुसरा विरुद्ध बाजूला बांधून गाडी उलटू द्यायची नाही. होम्स म्हणजे चॅटनूगाचे अर्नेस्ट होम्स, 1916 मध्ये ज्यांनी टो ट्रकची सुरुवात केली ते. हे सगळं डोक्यात ठेवून माझ्या गाडीकडे बघितलं की समजतं, एकच जिब, बाजूला फिरत नाही, पुढे वजन नाही. म्हणून बाजूने ओढायचं नाही म्हणजे नाही, सरळ मागेच. हा नियम मी वर्कशॉपच्या पोरांना रोज ऐकवतो.

इंजिनाबद्दल. ओरिजिनल शेवरलेचं 216 क्यूबिक इंच, सहा सिलिंडर, पेट्रोल, 85 हॉर्सपॉवर. माझ्यात ते नाहीच, कुणीतरी फार पूर्वी पर्किन्स पी6 डिझेल बसवलंय, 4.73 लिटर, चेन्नईच्या सिम्पसनवाल्यांनी भारतात बनवलेलं. एका काळी जुन्या पेट्रोल ट्रकला पी6 बसवणं हा आपल्याकडे धंदाच होता. बऱ्याच जणांनी सांगितलं की पी6 काढ आणि ओरिजिनल पेट्रोल शोध, तरच रिस्टोरेशन म्हणायचं. मला पटत नाही. या गाडीने लष्करात काढलेले दिवस थोडे आणि हायवेवर काढलेले जास्त, मग पहिलंच आयुष्य खरं आणि दुसरं खोटं कसं? जिब, पी6, हाताने मारायचं विंच, सगळं ठेवलं. फक्त नीट केलं.

ज्यांच्याकडे 216 पेट्रोल आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. ओळखीच्या एकाकडे तसं इंजिन आहे, तो ऑइल प्रेशरचा काटा बघून दर आठवड्याला घाबरायचा. त्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखं प्रेशरने तेल जात नाही. रॉडच्या खाली छोटे चमचे असतात, ते तेलात बुडून वर उडवतात. बेअरिंग ओतीव बॅबिटचं, म्हणजे वितळवून ओतायच्या मऊ धातूचं. प्रेशर 14-15 पाउंडच दाखवतं आणि तेच बरोबर आहे. ते वाढवायला जाड तेल घातलं तर उलट नुकसान. बेअरिंग गेलंच तर बॅबिट ओतणारा मिस्त्री शोधावा लागतो आणि तसे हात आता कमी राहिलेत, सापडला तर त्याला जपा.

पी6 च्या बाबतीत पंप-नोजल करून घेतलं, हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवले, आणि त्यानंतर तक्रार नाही. आवाज मात्र भयंकर. तेरा नंबर कॅबमध्ये इंजिन दोघांच्या मधोमध येतं, नाक आखूड असल्यामुळे, आणि एप्रिलमध्ये आत बसणं म्हणजे भट्टीशेजारी बसणं. पाय ठेवायला जागा नाही, पेडल जवळजवळ, माझ्यासारख्या नऊ नंबरच्या बुटाला एका पायाने दोन पेडल दाबली जातात. गिअर डबल क्लच मारल्याशिवाय पडत नाहीत, सवय होते, पण घरच्यांनी एकदा बसून परत नाव काढलं नाही.

ब्रेकचं मात्र गांभीर्याने घ्या. गाडीला हायड्रॉलिक ब्रेक आणि त्याला व्हॅक्यूमची मदत. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून तो व्हॅक्यूम मिळायचा, डिझेल घातल्यावर तसा मिळत नाही, त्याला वेगळा एक्झॉस्टर, म्हणजे व्हॅक्यूम पंप, लागतो. माझ्या गाडीत सर्व्होची, म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या भागाची, नळी चक्क लाकडी खुंटी मारून बंद केलेली होती. म्हणजे कितीतरी वर्षं ही गाडी घाटात दुसऱ्याच्या गाड्या ओढत नुसत्या पायाच्या जोरावर थांबत होती, विचार करा. एक्झॉस्टर बसवला, मास्टर सिलिंडरचे रबर मापाने बनवून घेतले, आता ब्रेक लागतात. जुना क्रेन-ट्रक घेताय आणि डिझेल बसवलेलं असेल तर पहिल्यांदा हे बघा, रंग नंतर.

दुसरी जिवाची गोष्ट म्हणजे चाकं. यांची डिस्क दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली. हबचे नट वेगळे आणि दोन तुकडे जोडणारे नट वेगळे. पंक्चरवाल्याने हवा असताना चुकून जोडणारे नट सोडले तर चाक बॉम्बसारखं फुटतं, माणूस जागेवर जाऊ शकतो. मी जोडणाऱ्या नटांना लाल रंग दिलाय, लष्करातही तीच पद्धत होती, आणि हवा पूर्ण सोडून व्हॉल्व्हची पिन काढल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. मळ्यात पावसाळ्यात ब्लोअर (फवारणीचं यंत्र) लावलेला ट्रॅक्टर रुतणं हे काही नवीन नाही, काळी माती, वाफसा नसताना फवारणी करावीच लागते, डावण्या, द्राक्षावरचा बुरशीचा रोग, थांबत नाही. पूर्वी दुसरा ट्रॅक्टर आणायचो आणि मग दोन्ही रुतायचे. देवळाली कॅम्पला राहणारे एक निवृत्त सुभेदार, ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, रिकव्हरीचं काम केलेले, त्यांनी मला हिशोब शिकवला. गाडी चाकापर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, कॅबपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे ट्रॅक्टर आणि भरलेला ब्लोअर मिळून तीन टन धरले आणि मडगार्डपर्यंत गेलाय तर सहा टनांची तयारी पाहिजे. आधी ब्लोअरचं पाणी सोडा, मग हिशोब करा. माझं हँडल विंच तेवढं ओढणार नाही, मग स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजूने उघडणारी कप्पी, ट्रॅक्टरला लावायचा, दोर त्यातून फिरवून परत क्रेनला बांधायचा, जोर दुप्पट होतो, वेळही दुप्पट लागतो. आणि ड्रमवर दोराचे थर जितके जास्त तितका जोर कमी, त्यामुळे दोर जास्तीत जास्त सोडून खालच्या थरावर ओढायचं. सुभेदार साहेबांचं एकच वाक्य, "दोर ताणला की माणूस मागे, आणि दोराच्या रेषेत कोणी नाही." जाड वायर रोप तुटला तर पाय कापून नेतो.

हँडल विंचला वर्म गिअर आहे, त्याचा फायदा असा की हँडल सोडलं तरी माल जागच्या जागी राहतो, मागे फिरत नाही. हळू आहे, घाम निघतो, दोन माणसं लागतात, पण ट्रॅक्टर शांतपणे, गचके न खाता बाहेर येतो. ट्रॅक्टरने ट्रॅक्टर ओढताना हुक तुटायचे, ते प्रकार बंद झाले. इंजिन उचलायला, पाण्याची मोटर विहिरीतून काढायलाही वापरली. विहिरीच्या कामाला खरं तर सगळ्यात बेस्ट.

रंगाबद्दल सगळे विचारतात की ऑलिव्ह ग्रीन का नाही केली. कारण मोटार वाहन नियमात, 1989 च्या, 121 नंबरचा नियम आहे, लष्कर सोडून कुणी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. शिवाय जिबला तो रंग कधी लागलाच नव्हता. क्रेनचा जुना पिवळा दिला आणि कॅबच्या आतला मूळ हिरवा तसाच ठेवला, लॅकर मारून.

कागदपत्रं हा सगळ्यात रटाळ भाग. 2021 पासून व्हिंटेज नोंदणीचा नियम आहे, 50 वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, नोंदणी फी 20 हजार, दहा वर्षं मुदत, नंबरमध्ये व्हीए अक्षरं. पण गाडी व्यावसायिक नको, आणि चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे बदल नकोत. माझ्या जुन्या पुस्तकात क्रेन लिहिलंय आणि इंजिन पर्किन्सचं, त्यामुळे ती सरळ बसत नाही, प्रकरण चालू आहे. तोपर्यंत गाडी मळ्याच्या आणि वर्कशॉपच्या कंपाउंडच्या आतच. रोडवर फिरवायच्या हौसेने घेणार असाल तर आधी आरटीओत बसून बोला, पैसे नंतर मोजा.

इतिहास शोधायला अहिल्यानगरच्या टँक म्युझियमलाही गेलो होतो, टँक अप्रतिम आहेत, जरूर बघा, पण ट्रकवाल्यांच्या हाती फार लागत नाही. जास्त माहिती जुन्या क्रेनवाल्यांच्या मुलांकडून मिळाली. घाटातल्या ड्रायव्हर लोकांना गाड्यांचे जुने तीन अक्षरी नंबर आजही तोंडपाठ आहेत.

सध्या उरलेली कामं: पुढच्या एक्सलचं एक ऑइल सील अजून पाझरतंय, किंगपिनचे बुश लेथवर बनवायला टाकलेत, आणि आधीच्या मालकाने घातलेले 9.00-20 टायर काढून मूळ 10.50-20 च्या मापाला जवळचं काय बसतं ते शोधतोय. कुणाकडे दोन तुकड्यांची जादा डिस्क पडलेली असेल, गंजलेली चालेल पण वेल्ड मारलेली नको, तर सांगा.