लिनक्स शिकायला व्हर्च्युअलबॉक्स मस्तच!
घरच्या पीसीवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) शिकायचंय तर मी व्हर्च्युअलबॉक्सच सांगेन, म्हणजे पीसीच्या आतच दुसरा आभासी पीसी चालवणारं सॉफ्टवेअर, ओरॅकलचं आहे, मूळ पॅकेज एकदम फुकट. तसंच दुसरं सॉफ्टवेअर, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पण नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट झालंय, ग्राफिक्स त्याचं जास्त स्मूद वाटतं, पण नवख्या माणसाला व्हर्च्युअलबॉक्सच सोपं. आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसर असेल तर) किंवा एएमडी-व्ही (एएमडी असेल तर) चालू करा, आभासी पीसीला प्रोसेसरची मदत मिळते ती यानेच. आभासी पीसीला द्यायच्या रॅमचा स्लायडर हिरव्या पट्ट्यातच ठेवा, लाल भागात नेलात तर अख्खा पीसी रखडतो.

आणि प्लीज, आभासी पीसीत अनोळखी फाइल उघडायची असेल तर त्याचे मुख्य पीसीशी जोडलेले शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद करा, नेटवर्क काढून टाका, स्नॅपशॉट (आभासी पीसीची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या आणि मगच उघडा, काही बिघडलं तर रिस्टोर मारला की झालं. फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो आभासी पीसीच्या फाइल्स असतात त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं.