को-एन्झाइम क्यू-१० च्या कॅप्सूल: वेष्टनावरचे दावे आणि वस्तुस्थिती

‘मायटोकॉन्ड्रियांतील ऑक्सिडेटिव्ह ताण संपवा’ (म्हणजे पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे होणारी हानी थांबवा) असे वेष्टनावर छापलेल्या १०० मिलिग्रॅमच्या या कॅप्सूल गिळायला सोप्या असून पोटाला त्रास देत नाहीत. मात्र को-एन्झाइम क्यू-१० हे द्रव्य स्निग्धांशात विरघळणारे असल्याने जेवणाबरोबर घेतल्यासच नीट शोषले जाते, ही आवश्यक सूचना त्यावर कुठेही नाही.

फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ मध्ये हे द्रव्य गोवंशाच्या हृदयातील मायटोकॉन्ड्रियांतून वेगळे केले. ऊर्जानिर्मितीच्या साखळीत ते इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते. त्या वाटेवर काही इलेक्ट्रॉन गळून ऑक्सिजनला मिळतात व सुपरऑक्साइड हा अतिक्रियाशील रेणू तयार होतो, आणि याच द्रव्याचे क्षपित (इलेक्ट्रॉन स्वीकारलेले) रूप अशा रेणूंना आवरते. तथापि हे रेणू अल्प प्रमाणात पेशींच्या संदेशवहनासाठी लागतातच, त्यामुळे ताण ‘संपवण्याची’ भाषा मुळातच चुकीची आहे (जाहिरात लिहिणाऱ्यांना हे कोण सांगणार!).

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविफलतेच्या ४२० रुग्णांपैकी ज्यांना दोन वर्षे रोज ३०० मिलिग्रॅम मात्रा मिळाली, त्यांच्यात गंभीर हृदयघटना कमी आढळल्या. त्याच वर्षीच्या पार्किन्सन या मेंदूविकारावरील ६०० रुग्णांच्या चाचणीत मात्र रोज २४०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेनेही लाभ झाला नाही. वेष्टनावर दोन्ही आजार एकाच ओळीत आहेत, हे मला आक्षेपार्ह वाटते.

मला स्वतःला उत्साहात फरक जाणवला नाही. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. निरोगी माणसाने एवढी किंमत मोजावी असे त्यांत काही नाही.