रोबोटो स्लॅब: गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय, बोर्डापासून फेणीच्या लेबलापर्यंत

म्हापशाला आमचं बोर्ड आणि लेबलांचं छोटं काम आहे, इंग्रजी अक्षरांसाठी गेल्या पावसाळ्यापासून जवळजवळ रोज हाच फॉन्ट लावतोय. गूगलसाठी ख्रिश्चन रॉबर्टसनने केलेला, 2013 चा, फुकट आणि धंद्याच्या कामालाही चालतो. गिऱ्हाइकाला फॅक्टरीवाला लूक हवा असला की आधी रॉकवेल आठवायचा (मोनोटाइपचा, 1934 चा). दिसायला तो भारीच, पण लायसन्सचे पैसे पडतात आणि त्याचा ओ एवढा गोल की जागा खातो.

खरा फायदा कटिंगला. ज्या फॉन्टचे पाय (अक्षराच्या टोकाच्या छोट्या आडव्या रेघा, म्हणजे सेरिफ) टोकाला केसासारखे होतात ते व्हिनाइल, म्हणजे चिकटपट्टीचा कापलेला कागद, सोलताना हमखास उचलतात, इथे पाय चौकोनी आणि जाड, बोल्ड लावलं तर बारीक साइझलाही टिकतात. थिन वेट, म्हणजे सगळ्यात बारीक जाडी, मात्र प्लॉटरवर (अक्षरं कापणाऱ्या मशीनवर) विसरा, ते स्क्रीनवर बघायला.

लेबलावर अजून एक गोष्ट. काजू फेणीला 2009 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, ते लिहायचंच असतं लोकांना, मग खाली बॅच नंबर, एमएल, टक्के सगळं चिमुकल्या अक्षरात. साध्या, बिनपायांच्या रोबोटोत कॅपिटल आय आणि स्मॉल एल सारखेच दिसतात, स्लॅबमध्ये पायांमुळे लगेच वेगळे कळतात. पोर्तुगीज वळणाच्या नावांतला ए वरचा टिल्ड (ã), सी खालचा सेडिला (ç), तेही व्यवस्थित आहेत, आपल्याकडे ते लागतंच.

आता डोकेदुखी. यात देवनागरी नाही, आणि गोव्यात दोन लिप्यांचा बोर्ड तर नेहमीचाच. बरेच फॉन्ट लावून बघितले, शेवटी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचा 'मुक्त' नावाचा देवनागरी फॉन्ट बसला, कारण दोघांच्या रेषेची जाडी बरीचशी एकसारखी राहते, जाड-बारीक वळणाची देवनागरी शेजारी ठेवली की दोन वेगळ्या दुकानांचे बोर्ड चिकटवल्यासारखं दिसतं. आणि इंग्रजी वर, मराठी खाली असं नका करू, इंग्रजीचे सगळे पाय एका ओळीत आणि लगेच खाली शिरोरेषा, दोन आडवे पट्टे नुसते भांडतात. मराठी वर घ्या, मध्ये जागा सोडा, मराठीचा साइझ थोडा वाढवा, मग बघा.

मेनूकार्डाला मी हा देत नाही. इटॅलिक नाही यात, आणि माशांची मोठी यादी टाकली की पान जड होतं. तिथे झिला स्लॅब लावतो, टिपोथेक या फॉन्ट कंपनीने 2017 मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलासाठी केलेला, त्यात इटॅलिक आहे आणि अंगाने पण हलका. लग्नपत्रिकेला कोणी मागितला तर मी सरळ नाही सांगतो.

वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटकडची कामं आली की अजून एक अडचण, कंपनीची लांबलचक नावं आणि वर प्रायव्हेट लिमिटेड, रोबोटो स्लॅबला कंडेन्स्ड (अरुंद) प्रकार वेगळा नाही आणि ताणून-दाबून अक्षर बसवणं मला बघवत नाही, तिथे मग अरुंद सॅन्सच, म्हणजे बिनपायांचा फॉन्ट, घेतो.